कॅश साफ करा!

बँकेच्या किंवा सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज अडकला, की फोनवरचा मदतनीस एक ठरलेलं वाक्य ऐकवतो, "सर, एकदा कॅश साफ करून बघा." मराठी कानाला हे भलतंच लागतं. चोरांनी कपाट साफ केलं, घरफोडीत तिजोरी साफ झाली, असं आपण बोलतो. त्या चालीने कॅश साफ करणं म्हणजे गल्ल्यावर हात मारणं. मदतनिसाला तसं म्हणायचं नाही एवढं ऐकणाऱ्याला कळतं. मग तो ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरतो, दिसतील तेवढ्या चौकटींत खुणा करतो, बटण दाबतो आणि संध्याकाळी घरातल्यांवर चिडतो, की सगळीकडे पुन्हा पासवर्ड का मागतायत?

या गोंधळात यंत्राचा दोष थोडा आणि शब्दांचा मोठा आहे. कॅश, टेम्पररी फाइल, कुकी, हिस्टरी ही सगळी मंडळी एकाच यादीत शेजारीशेजारी बसवलेली असतात, पण त्यांची कुळं निराळी आणि कामंही निराळी. कुळं तपासली की कामं उलगडतात, आणि काय पुसायचं, काय ठेवायचं हे पाठ करावं लागत नाही.

आधी बँकेतली कॅश बाजूला काढू. ती मूळची पेटी. लॅटिन 'काप्सा' म्हणजे डबा, त्याचं इटालियनमध्ये 'कासा', फ्रेंचमध्ये 'केस'. पैसे ठेवायच्या पेटीवरून पैशालाच कॅश म्हणायला लागले. औषधाची कॅप्सूल ही त्याच डब्याची धाकटी डबी. इंग्रजीतली दुसरी कॅश आपल्या बाजूची: तमिळ 'कासु' हे नाणं पोर्तुगिजांच्या तोंडी 'काइशा' झालं आणि इंग्रजांच्या मद्रासेत कॅश. ब्राउझरमधली कॅश तिसरी, आणि तिचा पैशाशी कसलाच संबंध नाही.

फ्रेंचमध्ये लपवण्याला 'काशे' म्हणतात आणि लपवायच्या जागेला 'काश'. उत्तर अमेरिकेतल्या नद्यांवरून कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंच फिरस्ते सगळा माल सतत वाहून नेऊ शकत नसत. परतीच्या वाटेवर लागणारं सामान ते मध्येच खड्डा करून पुरून ठेवत. त्या खड्ड्याला ते काश म्हणत, आणि अमेरिकेतल्या इंग्रजीने तो शब्द त्यांच्याकडून उचलला. कोलोरॅडो राज्यात तर एका नदीचं नावच 'काश ला पूद्र' आहे, म्हणजे 'बंदुकीची दारू लपवा'!

या खड्ड्याचं सविस्तर वर्णन मेरीवेदर लुईस या अमेरिकी शोधप्रवाशाने करून ठेवलं आहे. 1805 च्या जूनमध्ये लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम मिसूरी नदीच्या मोठ्या धबधब्यांच्या अलीकडे पोचली आणि सामान हलकं करणं भाग पडलं. खड्ड्याचं काम पिएर क्रुझात या नावाड्याकडे दिलं गेलं, कारण त्याला या कामाची जुनी सवय होती. उंचावरची कोरडी जागा निवडायची. वीसेक इंच व्यासाचं गोल गवताचं ढेकूळ अलगद उचलून बाजूला ठेवायचं. मग आधी सरळ खाली आणि पुढे आतून रुंदावत सहासात फूट खणायचं. निघालेली माती नदीत टाकून द्यायची, म्हणजे मागमूस राहायला नको. तळाला काटक्या आणि गवत, त्यावर कातडी, मग माल, आणि शेवटी तेच ढेकूळ जागच्या जागी.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. अरुंद तोंडाचा, आत फुगत गेलेला, जमिनीच्या पोटातला खड्डा म्हणजे आपलं पेव. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा आणि वारणेच्या संगमाकाठी, हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं राहते आणि तिला कीड लागत नाही, कारण मिटलेल्या पेवात प्राणवायू उरत नाही. त्याच कारणाने माणसाचाही जीव जाऊ शकतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, तोंड बराच वेळ उघडं ठेवतात आणि मगच माणूस सोडतात. 'पेव फुटणं' हा वाक्प्रचार आपण आता शिकवणीवर्गांपासून रीलपर्यंत कशालाही लावतो, पण त्याच्या पोटात साठवलेलं धान्य आहे.

पुरून ठेवणं आणि पुरेसं असणं यांना मराठीत एकच धातू मिळाला आहे: पुरणे. संस्कृतातल्या 'पूर्'चा अर्थ भरणं. खड्डा भरला की वस्तू पुरली, गरज भरली की वस्तू पुरली, आणि पोळीत भरलं ते पुरण. फ्रेंच फिरस्त्याला हे सांगितलं असतं तर तो खूश झाला असता, कारण त्याने पुरलेलं त्याला पुरायचं होतं.

लुईसचं मात्र सगळंच पुरलं नाही. 1806 च्या जुलैत परत येऊन त्याने धबधब्याजवळची दुसरी एक काश उघडली, तर नदीचं पाणी आत शिरलेलं. अस्वलांची कातडी पार वाया गेली होती, वाटेत गोळा केलेले वनस्पतींचे नमुने नाहीसे झाले होते. मिसूरीचा नकाशा तेवढा बचावला. हरिपूरच्या पेवांतही 2005 च्या महापुराचं पाणी शिरलं. वरून गवत जागच्या जागी दिसतं, आत काय झालंय ते उघडल्याशिवाय समजत नाही. ब्राउझरच्या कॅशचं दुखणं नेमकं हेच आहे. त्याकडे येऊच.

त्याआधी जरा खाली खणू. फ्रेंच 'काशे'चं मूळ लॅटिन 'कोगेरे'त. 'को' म्हणजे एकत्र आणि 'आगेरे' म्हणजे हाकणं. ढोरं एकत्र हाकणं, मग दाटीने कोंबणं, मग दडपणं, आणि दडपता दडपता दडवणं असा तो प्रवास. या 'आगेरे'ला संस्कृतात सख्खा भाऊ आहे: 'अज्' म्हणजे हाकणं. आणि त्याला 'सम्' हा एकत्रपणाचा उपसर्ग लावला की होतो समाज. पाणिनीने तर भेद करून ठेवलाय, पशूंचा कळप असेल तर 'समज', माणसांचा असेल तर 'समाज'. मराठीतला समज हा मात्र निराळ्या मुळाचा शब्द आहे. पण लॅटिनमध्ये त्याच हाकण्यातून 'कोगितारे' म्हणजे विचार करणं निघालं आहे. रानोमाळ भटकणारे विचार एका जागी हाकून आणणं, ही विचाराची व्याख्या मला तरी पटते. तर ब्राउझरमधली कॅश आणि आपला समाज एकाच साच्यातून निघाले आहेत. संगणकवाल्यांना याची गंधवार्ता नसावी.

गंमत अजून संपत नाही. कॅश रिकामी करण्याला जाणकार मंडळी 'पर्ज' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'पुरुस' म्हणजे शुद्ध आणि पुन्हा तेच 'आगेरे' यांतून बनला. 'पुरुस'चं नातं आपल्या पावन, पवित्र या शब्दांतल्या 'पू' धातूशी. म्हणजे भरण्यातही हाकणं आणि उपसण्यातही हाकणं, फक्त दिशा बदलते.

रानातला हा शब्द संगणकात शिरला 1960 च्या दशकाच्या शेवटी, आणि तोवर त्याची जागा दुसरेच शब्द घेऊन बसले होते. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी 1965 मध्ये एक अगदी छोटा निबंध लिहिला: मोठी पण मंद स्मृती आणि लहान पण चपळ स्मृती यांची जोडी कशी लावावी. त्यातल्या लहान स्मृतीला त्यांनी 'स्लेव्ह मेमरी' म्हटलं, दासस्मृती. हे नाव टिकलं नाही ते बरं झालं. पुढे आयबीएमने आपल्या सिस्टीम 360 मालिकेतल्या 85 क्रमांकाच्या यंत्रात अशी स्मृती प्रत्यक्ष बसवली, 16 ते 32 किलोबाइटांची. आज मोबाइलवरचं एक साधं छायाचित्रही त्यात मावणार नाही. कंपनीतले अभियंते तिला 'हाय स्पीड बफर' म्हणत. 1968 मध्ये कंपनीच्या नियतकालिकात या यंत्रावर लेख यायचे होते. संपादक लाइल जॉन्सन यांना बफर पटेना. काहीतरी बोलकं नाव द्या, अशी त्यांनी लेखकांना गळ घातली, कुणाला काही सुचलं नाही, तेव्हा त्यांनीच 'कॅश' सुचवला. लेखकांनी मान्य केला आणि जगाने उचलला. संपादक हस्तलिखितातले शब्द बदलतात म्हणून कुरकुरणाऱ्या आम्हा लेखकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

जॉन्सन यांचा शब्द अर्धा चपखल आहे. ही स्मृती लपलेली असते हे खरं. संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीला ती असल्याचा पत्ता लागत नाही, मागितलेली गोष्ट नेहमीपेक्षा लवकर हाती पडते इतकंच. पण फिरस्त्याचा खड्डा किंवा हरिपूरचं पेव हे पुष्कळ दिवसांसाठी, आणि चोराच्या नजरेपासून दूर. संगणकाची कॅश उलट हाताशी, आणि आत्ताच्यासाठी. जे नुकतंच लागलं ते पुन्हा लागण्याचा संभव जास्त, या साध्या अनुभवावर ती उभी आहे. ब्राउझरही तेच करतो. एखादं वृत्तपत्र पडद्यावर उघडलं की त्याचं बोधचिन्ह, टंक, पानाची मांडणी सांगणाऱ्या फाइली, चित्रं हे सगळं दूरच्या सर्व्हरवरून एकदा येतं आणि तुमच्याच डिस्कवर राहतं. दुसऱ्यांदा ते वृत्तपत्र उघडलंत की बातम्या तेवढ्या बाहेरून येतात. बाकीचं घरातून.

म्हणून मला यासाठी मराठीत पेव, बळद, कणगी, कोठी यांच्यापेक्षा एक वेगळा शब्द जवळचा वाटतो: बेगमी. पावसाळ्याची बेगमी म्हणताना आपल्यासमोर पापड, सांडगे, लाकूडफाटा, वर्षाचं तिखट येतं, पण शब्द वस्तूंचा नाहीच. फारसीत 'गम' म्हणजे दुःख, चिंता, 'बे' म्हणजे विना, आणि बेगमी म्हणजे निश्चिंतपणा. चिंता नसावी म्हणून करून ठेवलेली तजवीज हा अर्थ मराठीने त्यावर चढवला. बेगमेशी त्याचा संबंध नाही. लपवण्याचा भाव यात नाही आणि घाणीचाही नाही.

घाणीचा म्हणतो, कारण खरी फसगत तिथेच आहे. मूळ सूचनेत 'क्लिअर' आहे. जेवणानंतर टेबल क्लिअर करतात तसं, म्हणजे रिकामं करणं. मराठीत त्याचं 'साफ करा' झालं. साफ हा अरबी, मूळ अर्थ निर्मळ. मराठीत तो 'पूर्णपणे' या अर्थानेही चालतो: साफ विसरलो, साफ नाकारलं. पण करण्याच्या जोडीला आला की समोर केरच दिसतो. कॅश साफ करायची म्हणजे कॅशमध्ये कचरा असणार. फोनमध्ये फुकट मिळणारी 'क्लीनर' ॲप या समजुतीवरच जगतात. ती रोज अमुक इतका 'जंक' सापडल्याचं लाल अक्षरांत दाखवतात, आपण बटण दाबतो, हिरवी खूण येते, बरं वाटतं. जंक हे मूळचं जहाजावरच्या जुन्या, झिजलेल्या दोरखंडाचं नाव. इथे मात्र नवाकोरा दोर रोज समुद्रात फेकून दुसऱ्या दिवशी पुन्हा विकत घेण्याचा प्रकार चालतो. रिकामी केलेली कॅश पुढच्या वापरात परत भरते, तोवर सगळं हळू उघडतं आणि मोबाइलचा डेटा जास्त जळतो. जागा संपत आली तर सगळ्यात जास्त काळ न वापरलेली गोष्ट ब्राउझर स्वतःच काढून टाकतो. त्याला रोज झाडूवाली लागत नाही.

आता टेम्पररी फाइलींकडे. लॅटिन 'तेम्पुस' म्हणजे काळ, त्यावरून टेम्पररी म्हणजे काही काळापुरतं. फारसी 'हंगाम'ही काळच, आणि मराठीत हंगामी अध्यक्ष, हंगामी मजूर. दोन दूरच्या भाषांनी एकाच कल्पनेवर शब्द बांधला. मराठीचा स्वतःचा शब्द मात्र दुसऱ्या वाटेने गेला: तात्पुरता. तेवढ्यापुरता. इथे माप काळाचं नाही, गरजेचं आहे. काम होईपर्यंत, मग ते दोन मिनिटं चालो की दोन वर्षं. आणि हा तोच 'पुरणे' आहे, वर पेवात भेटलेला.

हंगामी आणि तात्पुरता यांतला हा फरक कोशांत फारसा कुणी जपत नाही, पण संगणकाला तो अचूक लागू पडतो. मोठी फाइल उतरवून घेताना क्रोम तिला अर्धवट असेपर्यंत 'सीआरडाउनलोड' अशी शेपटी लावतो, फायरफॉक्स 'पार्ट' अशी. उतरवणं पुरं झालं की शेपटी गळते आणि खरं नाव येतं. हिला म्हणायचं तात्पुरती फाइल. तिचं आयुष्य कामाशी बांधलेलं. वीज गेली, काम अर्ध्यावर राहिलं, तर ती अनाथ होऊन पडून राहते आणि मग तिला खुशाल केर म्हणा. कॅशमधल्या वस्तूचं आयुष्य घड्याळाशी बांधलेलं असतं. सर्व्हर ती पाठवतानाच सांगतो, हिचं 'मॅक्स एज' इतके सेकंद. 3,15,36,000 हा आकडा तिथे फार वेळा दिसतो. सेकंदात मोजलेलं एक वर्ष. ही झाली हंगामी. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या परंपरेत हे दोन कप्पेच निराळे ठेवतात, तात्पुरत्यांसाठी 'टेम्प'चा आणि कॅशसाठी कॅशचा.

मग आपल्या डोक्यात दोन्ही एक कसे झाले? माझं बोट मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररकडे आहे. नेटस्केप या त्या काळच्या दुसऱ्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कॅशला सरळ कॅश म्हटलेलं होतं. मायक्रोसॉफ्टला तो शब्द सामान्य माणसाला अवघड वाटला असावा. त्यांनी आपल्या ब्राउझरच्या कॅशच्या कप्प्याला नाव दिलं 'टेम्पररी इंटरनेट फाइल्स'. सायबर कॅफेच्या काळात संगणक शिकलेल्या पिढीने हेच नाव पाठ केलं, आणि टेम्पररी आहे ते पुसायचंच, हा धडाही. विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांत त्या कप्प्याचं नाव बदलून 'आयनेटकॅश' झालं, 15 जून 2022 ला तो ब्राउझरच निवृत्त झाला, पण सवय अजून नोकरीत आहे.

हंगाम संपला की वस्तू शिळी होते. हे मी लाडाने म्हणत नाही, कॅशच्या अधिकृत नियमावलीतच ताजं आणि शिळं, 'फ्रेश' आणि 'स्टेल', असे शब्द आहेत. जून 2022 मध्ये निघालेल्या तिच्या आवृत्तीचा क्रमांक 9111. इंग्रजी स्टेलची पूर्वी अशी बदनामी नव्हती. गाळ खाली बसून निवळलेली, मुरलेली बिअर स्टेल म्हटली जाई आणि ती चांगली मानत. मराठी शिळं हे संस्कृत शीतलपासून आलं. आधी नुसतं थंड, मग थंड झालेलं अन्न, मग कालचं अन्न. श्रावणातल्या शीतला सप्तमीला शिळासप्तमीही म्हणतात. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलं खातात. कॅशच्या नियमांत अशी सप्तमीसुद्धा आहे: 'स्टेल इफ एरर', म्हणजे सर्व्हरची चूल बंद असेल तर शिळं वाढलं तरी चालेल. तिचीच बहीण 'स्टेल व्हाइल रीव्हॅलिडेट': पाहुण्याला आहे ते वाढ, तोवर मागच्या मागे ताजं करून घे.

शिळं झालं म्हणून ब्राउझर लगेच फेकत नाही. तो आधी सर्व्हरला विचारतो, माझ्याकडे अमक्या तारखेची प्रत आहे, नंतर काही बदललंय का? बदललं नसेल तर सर्व्हर फक्त 304 हा आकडा पाठवतो. त्याचा अर्थ 'बदल नाही'. सगळी फाइल पुन्हा पाठवायचा खर्च वाचतो आणि शिळी प्रत पुन्हा ताजी गणली जाते. शिळ्या कढीला ऊत आणणं हे आपल्याकडे निंदेचं, तिथे ते शहाणपणाचं.

घोटाळा होतो तो मुदत चुकीची लिहिली गेली तर. वर्षाची मुदत देऊन पाठवलेली फाइल दुसऱ्या आठवड्यात बदलली, तर ब्राउझर विचारायलाही जात नाही. त्याच्या लेखी ती ताजीच आहे. गवताचं ढेकूळ जागच्या जागी, आत पाणी. अर्ज अडकतो तो बहुतेकदा असा, आणि चूक तुमच्या कॅशची नसते, मुदत लिहिणाऱ्याची असते. जाणते कारागीर यावर उपाय म्हणून फाइल बदलली की तिचं नावही बदलतात, म्हणजे जुन्या नावाची प्रत कितीही काळ पडून राहिली तरी बाधत नाही. नेटस्केपमध्ये काम केलेले फिल कार्लटन यांच्या नावावर एक उक्ती सांगितली जाते, की संगणकशास्त्रात खरोखर अवघड गोष्टी दोनच, कॅशमधलं शिळं ओळखणं आणि गोष्टींना नावं देणं. या लेखाचे दोन्ही विषय त्यात आले.

नावं देण्यातल्या फजितीचा नमुना त्याच नियमावलीत आहे. सर्व्हर कधीकधी 'नो कॅश' अशी आज्ञा देतो. कुणीही म्हणेल, याचा अर्थ कॅशमध्ये ठेवू नको. अर्थ तसा नाही! अर्थ असा, की ठेव, पण मला विचारल्याशिवाय वापरू नको. अजिबात ठेवूच नको, यासाठी वेगळी आज्ञा आहे, 'नो स्टोअर'. बँकेच्या पानांना ती लावतात. इतकी वर्षं इतक्या लोकांना चकवणारा दुसरा शब्दप्रयोग मला या क्षेत्रात दिसलेला नाही. सरकारी परिपत्रकाच्या मराठीला आपण उगाच नावं ठेवतो.

यादीतल्या बाकीच्यांचं थोडक्यात. कुकी हे डच 'कूक्ये', छोटा केक. युनिक्सच्या जगात एका आज्ञावलीने दुसरीला दिलेल्या खुणेच्या चिठोऱ्याला 'मॅजिक कुकी' म्हणत. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ती कल्पना ब्राउझरमध्ये आणली. ती तुमची ओळखचिठ्ठी आहे. ती पुसली की संकेतस्थळ तुम्हाला विसरतं आणि पासवर्ड मागतं. हिस्टरीचं मराठी पडद्यावर 'इतिहास' झालं आहे. 'इति ह आस' म्हणजे असं असं घडलं खरं, आणि घरातल्या पोराच्या ब्राउझरबाबत हा अर्थ फारच नेमका बसतो. आणि संकेतस्थळ! आज हा शब्द शासनाच्या प्रत्येक जाहिरातीत असतो, पण संस्कृत काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रियकर-प्रेयसीने चोरून भेटायची ठरवलेली जागा. आयकर विवरणपत्र भरायला तिथे जाताना हे आठवलं तर तेवढाच विरंगुळा.

चोरून भेटण्यावरून एक गोष्ट राहिली. कॅश म्हणजे लपवायची जागा, पण हीच जागा चुगली करू शकते. एखादं चित्र झटकन उघडलं तर ते आधीच कॅशमध्ये होतं, म्हणजे तुम्ही त्या दुसऱ्या संकेतस्थळावर जाऊन आला आहात, हे वेळ मोजून ओळखता येतं. एडवर्ड फेल्टन आणि मायकल श्नायडर यांनी हा धोका 2000 मध्येच दाखवून दिला होता. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक संकेतस्थळाची कॅश वेगळी ठेवणं. तो क्रोममध्ये 2020 च्या अखेरीस आणि फायरफॉक्समध्ये 2021 च्या सुरुवातीला आला. खाजगी खिडकीला क्रोम 'इन्कॉग्निटो' म्हणतो. लॅटिनमधला 'इन' आणि आपला 'अ', त्यांचा 'ग्नो' आणि आपला 'ज्ञा' हे एकमेकांचे सख्खे. इन्कॉग्निटो म्हणजे अक्षरशः अज्ञात, आणि त्या खिडकीतला अज्ञातवास खिडकी बंद होईपर्यंतच. तिची कॅश तिच्याबरोबर जाते. तुमचं इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही अज्ञात नसताच.

उच्चाराचं भांडण मिटवून टाकू. फ्रेंच नामाचा उच्चार 'काश', इंग्रजांचा 'कॅश', आणि मराठीत पुष्कळ जण 'कॅशे' म्हणतात. शुद्धतावादी त्यांना हसतात. मी कॅशेच्या बाजूने आहे. एकतर फ्रेंच क्रियापद तसंच ऐकू येतं. दुसरं, मराठीत कॅश म्हणजे रोकड हे इतकं घट्ट बसलंय, की तिथे दुसऱ्या अर्थाला जागा नाही. पोर्तुगिजांचं पगार हे क्रियापद आपण नाम करून वापरतो, तेव्हा कोण लिस्बनला विचारायला गेलं होतं?

तर पुन्हा कुणी "कॅश साफ करा" म्हणालं तर आधी कंट्रोल आणि शिफ्ट दाबून आर दाबा. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तेवढं एक पान कॅशेला वळसा घालून ताजं येतं, आणि पुष्कळदा काम तिथेच भागतं. नाही भागलं तर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबून येणाऱ्या यादीत फक्त कॅशेच्या चौकटीत खूण ठेवा, कुकी आणि पासवर्डांना हात लावू नका. सार्वजनिक संगणकावर बसला असाल तर उलट, उठताना सगळं पुसा. आणि पडद्यावरचं मराठी लिहिणाऱ्यांना विनंती, की 'साफ करा' काढून 'रिकामी करा' लिहा, कॅशेला बेगमी म्हणायचं धाडस झालं तर फारच उत्तम. हाताशी ठेवलेल्या छोट्या साठ्याला तुमच्या भागात, खानदेशात, वऱ्हाडात, तळकोकणात, याहून नेमका शब्द असेल, तर तो जरूर कळवा.